रिकामा डबा

बाळीवेस, सोलापूर
९ सप्टेंबर २०२४

प्रिय पद्मी,

परवा फोनवर मी "सगळं छान चाललंय" म्हणाले, ते खोटं होतं. फोनवर मला खोटं सहज बोलता येतं, पत्रात जमत नाही. होस्टेलात सिस्टर बेनेडिक्टांनी आपल्या दोघींना पत्र लिहायला शिकवलं, फोनवर बोलायला कुणीच शिकवलं नाही, त्याचा हा परिणाम असेल. तेव्हा या विषयावर इथून पुढे फक्त पत्रं.

माझी नोकरी गेली. रागावू नकोस, जाऊन महिना झाला. संगप्पा मालक वारल्यावर मुलांनी वाटण्या केल्या. टॉवेलचा कारखाना धाकट्याकडे आला आणि त्याने ऑफिस बेंगळुरूला नेलं. माझं टेबलही नेलं. मला विचारलं नाही. निरोप मात्र थाटात दिला. शाल, नारळ आणि आमच्याच कारखान्याचे सहा टॉवेल. पंचवीस वर्षं मी देशातल्या आणि बाहेरदेशच्या गिऱ्हाइकांना याच टॉवेलांबद्दल 'ढगासारखे मऊ' असं लिहीत आले. आता रोज अंग पुसताना ती पत्रं आठवतात.

सिद्धारामचं हैदराबादहून एकच पालुपद आहे, "आई, पुष्कळ राबलीस. जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा बघून घे, मग मी न्यायलाच येतो." मुलगा चांगला आहे, सून चांगली आहे, नातू तर लोण्याचा गोळा. पण त्यांचं घर अकराव्या मजल्यावर. तिथून खाली पाहिलं की माणसं मुंग्यांएवढी दिसतात, त्यांच्याशी मी काय बोलणार? इथे सकाळी तळ्याकाठी चक्कर होते, भाजीवाली माझ्याशी कन्नडमध्ये भांडते, शेजारच्या अक्कम्मा भिंतीवरून हाका मारतात. हे सांगितलं तर सिद्धाराम म्हणतो, "तुला काम असतं तर मी एक शब्द बोललो नसतो. पण नुसतं बसायचंच असेल तर आमच्यात येऊन बस." याला माझ्याकडे एकच उत्तर आहे, आणि ते यात्रेच्या आत शोधायला हवं.

तू पुण्याच्या कारखान्यात तीस वर्षं माणसं घेतलीस. सत्तावन्न वर्षांच्या बाईला नोकरी कशी मिळते ते सांग. गोड बोलू नकोस.

आमचा माल नेणाऱ्या मल्लप्पांची एक गाडी तुझ्या बाजूला निघाली आहे. तिच्यावर शेंगाच्या चटणीचा डबा पाठवते. तुमच्या घरात चालत नाही म्हणून लसूण घातलेला नाही. होस्टेलात माझ्या डब्यातली लसणाची चटणी कोण फस्त करायचं, हे तुझ्या वहिनींना मी कधीही सांगणार नाही. डबा परत पाठव. सेटमधला आहे, त्यावर आईचं नाव कोरलेलं आहे.

तुझी,
शिवम्मा


नातेपुते
१६ सप्टेंबर २०२४

प्रिय शिवम्मा,

महिनाभर लपवलंस. फ्रॉकच्या खिशात चोरलेल्या चिंचा असतानाही तू सिस्टरांना "सगळं छान चाललंय" हेच सांगितलं होतंस, तेव्हा मला नवल वाटायला नको होतं.

गोड बोलत नाही. आपल्या वयात नुसते अर्ज टाकून नोकरी मिळत नाही. माझ्या टेबलावर अर्जांचा ढीग यायचा आणि मी वाचायच्या आत शिपायाने त्यावर चहाचा कप ठेवलेला असायचा. जागा मात्र त्याच आठवड्यात भरायची, कारण जिन्यात मला कुणीतरी गाठून म्हणायचं, "मॅडम, एक बाई आहेत, काम चोख करतात." तुला त्या जिन्यात पोहोचायचं आहे.

म्हणून आधी, तुझं काम ज्यांनी डोळ्यांनी पाहिलंय अशी माणसं आठव. नातेवाईक नकोत. ते तुला ओळखतात, तुझ्या कामाला नाही. बँकेतले साहेब, छपाईवाले, ते मल्लप्पा. एकेकाला जाऊन भेट. गेल्या गेल्या नोकरी मागितलीस तर माणूस बिचकतं. त्यांच्या धंद्यात काय चाललंय ते विचार, मग आपलं सांग, आणि उठताना "मी आणखी कुणाला भेटू?" एवढं विचारल्याशिवाय चप्पल घालू नकोस.

सोबत एक पान हवं. एकच. त्यावर तू काय केलंस ते लिही, कशी आहेस ते नको. 'प्रामाणिक व कष्टाळू' हे मी इतक्या जणांच्या अर्जात वाचलंय, त्यातल्या दोघांना पुढे पोलिसांनी नेलं.

आणि रोज दहाला ऑफिसची साडी नेसून टेबलाशी बस. नोकरी शोधणं हीच सध्या तुझी नोकरी, हजेरी मी घेईन. दुपारी जेवणसुद्धा डब्यात भरून ठेव आणि टेबलाशीच खा. ताटात वाढून घेतलंस की तू लवंडशील, मी तुला ओळखते.

चटणी पोहोचली. संपत आली. डबा इथेच आहे.

तुझी,
पद्मा


सोलापूर
७ ऑक्टोबर २०२४

प्रिय पद्मी,

रोज दहाला टेबलाशी हजर. पहिल्या दिवशी अक्कम्मांनी खिडकीतून साडी बघितली. "लागली व्हय नोकरी?" मी म्हटलं, "शोधायची नोकरी लागली." त्यांनी वाडगाभर अंबील आणून दिली. बहुतेक माझी तब्येत बिघडली असं त्यांना वाटलं.

भेटी मात्र फार छान झाल्या. कुणाच्या घरी रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून प्रत्येक ठिकाणी चटणीचा एक डबा नेला. बँकेच्या साहेबांकडे त्यांच्या आईंनी दोन तास बसवून घेतलं. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आता मीसुद्धा करू शकेन. छपाईवाल्यांनी मुलीच्या लग्नाचा आल्बम दाखवला. मल्लप्पांच्या घरी महादेवीवहिनींनी थेट ताट मांडलं. मी म्हटलं, "वहिनी, मी जरा मल्लप्पांशी बोलायला आले होते."

"बोला की. नको कोण म्हणतंय? जेवता जेवता बोला."

"अहो, पोट भरलंय."

"तुमचं भरलंय, माझं मन भरलंय व्हय? ही भाकरी कुणी खायची मग?"

कडक भाकरी, भरलं वांगं, वर सायीचं दही. मल्लप्पा म्हणाले, "मॅडम रोज सकाळी फोन करायच्या, गाडी कुटं पोचली म्हणून. आता फोन येत न्हाय तर लई चुकल्यासारखं होतंय." मला इतकं बरं वाटलं की पुढचं विचारायचं राहूनच गेलं. त्यांची सून अंकिता आतल्या खोलीत फोनवर कुणाशी तरी इंग्रजीत भांडत होती, बिचारीला बाहेर येऊन बसताही आलं नाही.

तुला माहीत आहे, आमच्यात डबा रिकामा परत देत नाहीत. साहेबांकडून चकल्या आल्या, छपाईवाल्यांकडून शेव, महादेवीवहिनींकडून शेंगापोळ्या. त्यांनी एवढं पाठवलं तर गप्प कसं बसायचं, म्हणून मी पुन्हा चटणी पाठवली. दोन-तीन आठवडे डबे फिरताहेत. दाणे कुटून माझा खांदा भरून आलाय आणि ऑफिसच्या साडीचे ब्लाउज घट्ट होताहेत. नोकरीबद्दल अजून कुणी काही बोललेलं नाही, पण सगळे फार मान देतात. हळूहळू होईल.

त्या एका पानावर सध्या तीन ओळी आहेत. नाव, पत्ता आणि 'कै. संगप्पा मालकांच्या मार्गदर्शनाखाली पत्रव्यवहार पाहिला.' आणखी काय लिहू?

आणि माझा डबा?

शिवम्मा


नातेपुते
१४ ऑक्टोबर २०२४

प्रिय शिवम्मा,

तुझं पत्र वहिनींना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या हसता हसता खाली बसल्या.

बाई गं, तू नोकरी शोधायला गेलीच नव्हतीस. तू पाहुणी म्हणून गेली होतीस. हातात चटणी घेऊन आलेल्या बाईला लोक जेवायला वाढतात, काम देत नाहीत. त्यांचा काय दोष? तू तोंड उघडायच्या आधी डब्यानेच सांगून टाकलं की ही सुखात आहे, गप्पांना आली आहे. आता पुन्हा जा. घरी नाही, त्यांच्या कामाच्या जागी. सकाळी अकराला आणि रिकाम्या हाताने. होय, रिकाम्या हाताने. लाजेने मेलीस तरी चालेल, मी येईन तिसऱ्या दिवसाला.

एक वाक्य पाठ कर. 'माझी नोकरी गेली आहे, मला काम हवं आहे.' आरशासमोर म्हण. पहिल्यांदा अडखळशील. म्हणत राहिलीस की एक दिवस भाजीचा भाव सांगितल्यासारखं येईल.

आता एक विचारते. मल्लप्पांची सून कुणाशी भांडत होती? कशावरून? ती करते काय? भरल्या वांग्याचं तू कौतुक केलंस आणि जिच्या घरात काम ओरडतंय तिला एका ओळीत निकालात काढलंस. जिथे फोनवर आरडाओरड चालते तिथे एक माणूस कमी असतं, हे मी तीस वर्षांत शिकले. चौकशी कर.

मधल्या वेळात काहीतरी नवं शीक. ईमेल तुला येतो, पण हल्लीची गिऱ्हाइकं मोबाईलवर बोलतात, तो कारभार शीक. पानावर 'सध्या शिकत आहे' असं दिसलं की समोरचा वय वाचायचं विसरतो. निदान एका दमात वाचत नाही.

डबा सुखरूप आहे. मुद्दाम ठेवलाय. डबा अडकलेला असला की माणूस लिहीत राहतं.

पद्मा


सोलापूर
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय पद्मी,

रिकाम्या हाताने गेले. हात कुठे ठेवायचे तेच कळेना. शेवटी छत्री घेतली. नोव्हेंबरात छत्री बघून छपाईवाल्यांनी दोनदा आभाळाकडे पाहिलं. पण तुझं वाक्य म्हटलं. ते हातातलं काम ठेवून म्हणाले, "मॅडम, आधी का नाही बोललात? आम्हाला वाटलं, तुम्ही आता आरामात." त्यांच्याच ओळखीने एका शाळेच्या ऑफिसात मुलाखत झाली. समोर सिद्धारामपेक्षा लहान मुलगा. "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?" मी म्हटलं, "बाळीवेशीत." त्याने ते लिहून घेतलं. पुढे काही कळवलं नाही, म्हणजे कळलंच.

नव्या पेठेत एका कापडदुकानाच्या माडीवर मोबाईल आणि कॉम्प्युटरचा वर्ग लावलाय. मुली आधी आज्जी म्हणायच्या. त्यांचे इंग्रजी अर्ज तपासून द्यायला लागले तशी मॅम झाले.

अंकिताची चौकशी केली, मल्लप्पांच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात जाऊन. ती हॉटेलांसाठी टॉवेल आणि चादरी करून घेते, होटगी रोडला तिची शेड आहे. गोव्यापासून केरळापर्यंत माल जातो. तक्रार आली की कॉम्प्युटर तिला गोड इंग्रजीत माफीपत्र लिहून देतो, सगळ्यांना तेच. एका हॉटेलवाल्याला ते तिसऱ्यांदा आलं तेव्हा त्याने फोन करून सुनावलं. ते भांडण मी वांगं खात ऐकत होते. मल्लप्पा म्हणाले, "पोरगी हुशार हाय, पण गिऱ्हाईक चिडलं की ही त्याच्याहून चिडती." मी पाठ केलेलं वाक्य म्हणणार तेवढ्यात चहा आला.

चहाचं निमित्त आहे, पद्मी. खरं म्हणजे तिला लिहायला बसले तरी हात थांबतो. 'पत्राची सुरुवात मीपासून करू नये', सिस्टरांनी शिकवलं. मी शेवटही कधी मीने केला नाही. पंचवीस वर्षं 'आम्ही'च लिहीत आले. आता आम्ही कुणी उरलो नाही.

काल सिद्धारामने भाड्याने घर बघायला एक जोडपं पाठवलं. भली माणसं. बाईंनी माझं कपाट सरकवून तिथे त्यांचा फ्रिज बसतो का ते पाहिलं. बसतो.

शिवम्मा


नातेपुते
२५ नोव्हेंबर २०२४

प्रिय शिवम्मा,

फ्रिजचं वाचलं आणि मला जेवण गेलं नाही. वहिनींना सांगितलं, पोट बिघडलंय.

'मी' लिहिता येत नाही ना? मग लिहू नकोस. असं समज की शिवम्मा नावाची एक बाई पंचवीस वर्षं तुझ्या शेजारच्या टेबलावर होती. तिचं काम तू रोज पाहिलंस. तिला आता कामाची गरज आहे. तू तिची शिफारस कर. दुसऱ्यांची शिफारस करताना तुझी लेखणी कशी धावते ते मला ठाऊक आहे, माझ्या पहिल्या नोकरीचा अर्ज तूच लिहिला होतास. त्यात मी इतकी गुणी होते की साहेब मला भेटून जरा खट्टू झाले.

ते पत्र डब्यात घाल. चटणी नको, नुसतं पत्र. डब्यांवर मी बंदी घातली होती, ती उठवते. डबा रिकामा परत करायचा नाही ही तुमची रीत आहे ना? मग बघू या काय भरून येतं.

पद्मा


सोलापूर
२ डिसेंबर २०२४

प्रिय पद्मी,

डबा आज मल्लप्पांच्या घरी पोहोचता केला. पत्राची नक्कल तुला पाठवते, चुका काढ.

"चि. अंकिता, शिवम्मा नावाच्या एका बाईंची शिफारस करण्यासाठी हे पत्र आहे. त्या मला जन्मापासून माहीत आहेत, कारण त्या म्हणजे मीच. स्वतःबद्दल लिहायचा संकोच वाटतो म्हणून ही सोय.

या बाईंनी पंचवीस वर्षं टॉवेलच्या गिऱ्हाइकांची रागाची पत्रं वाचली. त्यातून त्यांना एक समजलं. चिडलेलं गिऱ्हाईक अजून आपलं असतं. गेलेलं गिऱ्हाईक लिहीत नाही. एकदा एका हॉटेलला चुकीच्या रंगाचा माल गेला. या बाईंनी माफी नंतर मागितली, आधी विचारलं की तुमच्याकडे लग्नाचं वऱ्हाड कधी उतरणार आहे. त्या दिवसापुरता माल आधी रेल्वेने पाठवला, बाकीचा सावकाश. पुढे ते हॉटेल दर दिवाळीला शुभेच्छापत्र पाठवत राहिलं.

दोषही सांगायला हवेत. चहा फार पितात. मोबाईलवर दोन बोटांनी टाइप करतात, सध्या नव्या पेठेत शिकत आहेत. स्वतःसाठी काही मागायला त्यांना फार वेळ लागतो. गिऱ्हाइकासाठी लागत नाही.

दोन आठवडे कामावर घेऊन पाहा. नको वाटल्या तर मला कळव, मी त्यांची समजूत घालीन."

लिहून झाल्यावर वाचलं आणि वाटलं, ही बाई माझ्याकडे आली असती तर मी घेतली असती.

शिवम्मा


सोलापूर
३० डिसेंबर २०२४

प्रिय पद्मी,

डबा आला नाही. चार आठवडे होतील. इतका वेळ कुणी डबा ठेवत नाही. (तू सोडून.) अक्कम्मा म्हणतात, "डबा आला न्हाय म्हंजी न्हाईच की." महादेवीवहिनी बाजारात दिसल्या. मला बघून त्यांनी एकदम कांद्यांत लक्ष घातलं.

सिद्धाराम बारा तारखेला येतोय, मोठ्या बॅगा घेऊन. यात्रा झाली की सतराची गाडी. मी पत्र घालायला नको होतं. नुसती चटणी घातली असती तर निदान चकल्या आल्या असत्या.

शिवम्मा


नातेपुते
३ जानेवारी २०२५

प्रिय शिवम्मा,

तीस वर्षांतला अनुभव सांगते. नकार मी त्याच दिवशी कळवून टाकायची, त्याला काही लागत नाही. वेळ लागतो तो होकाराला. आणि बाजारात तोंड लपवणारी बाई 'नाही' ठरवून बसलेली नसते, तिला काय सांगावं ते कळत नसतं.

अर्ज केल्यावर विचारायला जाणं हेही कामच आहे. लोक ते करत नाहीत, म्हणून मागे पडतात. तुला नोकरी मागायची लाज वाटते, मान्य. आपला डबा मागायची कसली लाज? त्यावर आईचं नाव आहे. शेडवरच्या ऑफिसात जा. डबा माग. तो हातात आला की ते वाक्य म्हण, चहा यायच्या आत.

पद्मा


सोलापूर
१८ जानेवारी २०२५

प्रिय पद्मी,

तुझं पत्र आल्यावर मी रोज साडी नेसले आणि रोज घरी बसले. मग सिद्धाराम आला. यात्रेत सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता पडतात त्या दिवशी आम्ही गर्दीत उभे राहिलो. नंदीध्वजांच्या उंच काठ्या जाताना मी हात जोडले, पण काय मागायचं ते सुचेना. मला मागता येत नाही हे सिद्धेश्वरालाही कळलं असेल.

परवा गुरुवारी सकाळी सिद्धाराम माझी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होता. स्टीलच्या डब्यांचा सेट मांडला आणि म्हणाला, "आई, यात दोन कमी आहेत."

"एक नातेपुत्याला आहे. तो येत नाही."

"आणि दुसरा?"

मी म्हटलं, "थांब. घेऊन येते." तो गाडी बोलवायला निघाला, मी त्याला बसवलं आणि रिक्षाने एकटी होटगी रोडला गेले.

अंकिता मला बघून उठली. माझ्या आधी तिचं लक्ष कपाटाकडे गेलं. डबा कपाटावर होता, पुसून ठेवलेला.

"मावशी, मला फार लाजल्यासारखं झालंय. डबा पाठवायचा राहिला."

"राहिला की ठेवला?"

ती हसली, पण तिचे कान लाल झाले. "सासूबाईंनी ठेवायला लावला. तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं, म्हटलं, मला या हव्यात. पण केरळची ऑर्डर नक्की झाल्याशिवाय माणूस घेऊ कसं? त्या म्हणाल्या, 'मग डबा हलवू नको. रिकामा धाडायचा न्हाय, आणि त्यात नकार घालून धाडायचा तर त्याहून न्हाय. नक्की झालं की भर.' मी रोज त्याच्याकडे बघते."

"मग झालं नक्की?"

"अजून नाही, मावशी."

टेबलावर चहाचे कप दिसत नव्हते. मी म्हटलं, "माझी नोकरी गेली आहे, मला काम हवं आहे." भाजीचा भाव सांगितल्यासारखं नाही आलं, पद्मी. मध्येच आवाज गेला, पण वाक्य पुरं केलं. पुढचं तर पाठही केलेलं नव्हतं. "उद्या संध्याकाळी मुलगा मला हैदराबादला नेतोय. तुला जे सांगायचं ते आज सांग. नाही असेल तर डबा रिकामा दे, मला राग येणार नाही."

तिने डब्याकडे पाहिलं. तिच्या मोबाईलवर फोन वाजला. तिने नाव बघून कपाळाला हात लावला. "गोव्याचा आहे. दोन दिवस ओरडतोय. टॉवेल धुतल्यावर राठ झाले म्हणे."

"दे इकडे."

तिने दिला. बहुतेक मी खरंच मागीन असं तिला वाटलं नव्हतं. तो गृहस्थ बराच वेळ बोलला. मी मध्ये बोलले नाही. रागाची पत्रं शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची असतात, खरं काय ते तिथे असतं. त्याच्या शेवटच्या ओळीत होतं की शनिवारी हॉटेल भरणार आहे. मी विचारलं, किती खोल्या, आणि धुलाईला सॉफ्टनर नवीन घेतलाय का? (सहा टॉवेल मी स्वतः घरी धुतलेत, म्हणून मला ठाऊक. त्याचा थर बसून ते राठ होतात, पाणीही टिपायचे थांबतात.) तो म्हणाला, हो, घेतला होता. शनिवारपुरते टॉवेल आज बसने निघतील असं मी अंकिताकडे बघून सांगितलं, तिने मान हलवली. त्याचा आवाज खाली आला. म्हणाला, "तुम्ही कोण बोलताय? याआधी तुमच्याशी बोलणं झालेलं नाही."

मी अंकिताकडे पाहिलं. ती टेबलाच्या कडेवर बसून माझ्याकडेच बघत होती. तिने हाताने खूण केली, सांगा की.

"मी शिवम्मा," मी म्हटलं. "उद्यापासून मीच बोलेन."

बघ, मीने सुरुवात केली. सिस्टरांना कळवू नकोस.

अंकिता म्हणाली, "तीन महिने बघू, मावशी. अकरा ते चार. पुढचं केरळवर." मी म्हटलं, पुढचं केरळशी मीच बोलते. मग तिने डबा खाली काढला आणि त्यात घालायला काहीतरी शोधायला लागली. खण उघडले, बिस्किटांचा पुडा काढला. "असा कसा देऊ? सासूबाई मला घरात घेणार नाहीत."

"आज रिकामाच दे," मी म्हटलं. "उद्या दुपारी जेवणाला लागेल."

घरी आले तेव्हा सिद्धाराम कागदांच्या ढिगात बसला होता. त्याने डब्याचं झाकण उघडून पाहिलं. "रिकामा?"

मी सांगितलं. त्याने एक डबा हातात घेतला आणि त्याच्याभोवतीचा कागद सोडायला लागला, मग दुसरा. सगळे परत फळीवर लावून झाल्यावर म्हणाला, "मी शब्द दिला होता, एक शब्द बोलणार नाही. पण आई, या एवढ्या बॅगांत मी आता नेऊ काय?"

चटणी दिली. त्या फ्रिजच्या बाईंना द्यायला एक छान नकाराचं पत्र दिलं, माझ्याच हातचं. आणि ते सहा टॉवेल दिले. म्हटलं, सूनबाईंना सांग, ढगासारखे मऊ आहेत.

काल पहिला दिवस झाला. दुपारी टेबलाशीच जेवले, लवंडले नाही.

तुझी,
शिवम्मा

ता. क. तुझ्याकडचा डबा आता पाठव. नोकरदार बाईला आलटूनपालटून दोन लागतात. रिकामा चालेल. पत्र मात्र लिहीत राहा, डबा अडकलेला नसला तरी.